राईट मारली, पण वाचून पाहिली का?



आधी एक खुलासा करतो. या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून तुम्ही कवी ऐकलेत, इतिहासकार ऐकलेत, ऊसशेतीतले जाणकार ऐकलेत. आज तुमच्यापुढे उभा आहे तो एक दुकानदार. बारामतीत भिगवण रस्त्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. २००३ ते २०१४. पाटीवर लिहिलं होतं, ‘येथे सीडी-डीव्हीडी राईट करून मिळेल.’ संयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, घरच्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी राईट करताना एरर का येतो, यावर बोलेन. पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मग हळूच आवाज आला, ‘पण भाऊ, आता डीव्हीडी वापरतं कोण?’

वापरत कुणीच नाही. पण घरात नाही असं घर किती? हात वर करा बरं. ज्यांच्या कपाटात लग्नाची, मुंजीची, बारशाची डीव्हीडी आहे त्यांनी. बघा, निम्मं सभागृह. आता गेल्या पाच वर्षांत ज्यांनी ती एकदा तरी लावून पाहिली, त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) तीन. त्यातले एक आमचे जुने फोटोग्राफर मित्र आहेत, ते धरू नका.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी मला नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. त्यांच्याबद्दल एकच प्रसंग सांगतो, कारण आजचं माझं सगळं बोलणं त्यातूनच निघालं आहे. सर २००५ साली निवृत्त झाले. निरोप समारंभाचं शूटिंग झालं, टेप माझ्या दुकानात आली. मी ती कॉम्प्युटरवर उतरवली, डीव्हीडी राईट मारली, वर स्केचपेनने नाव घातलं आणि सरांच्या घरी पोचती केली. आठ दिवसांनी सर सायकलवरून दुकानात. वर्तमानपत्रात गुंडाळलेली डिस्क काउंटरवर ठेवून म्हणाले, ‘अरे, सगळ्यांची भाषणं नीट दिसतात. मी बोलायला उभा राहिलो की चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि पुढे सरकतच नाही.’

प्रत्येक गिऱ्हाइकाला मी जे सांगायचो तेच सरांनाही सांगितलं. ‘सर, डिस्कच खराब लागली. लॉट बोगस आहे. दुसरी मारून देतो.’ पण दुसरी मारणार कशावरून? हार्डडिस्क ८० जीबीची, लग्नसराईचे दिवस. डिस्क बाहेर आल्या आल्या फाईल उडवून मोकळा झालो होतो. टेपवर कॅमेरावाल्याने वालचंदनगरचं एक लग्न चढवलं होतं. सर रागावले नाहीत. एवढंच विचारलं, ‘पेपर देण्याआधी मी तुम्हांला काय करायला सांगायचो?’ मी म्हटलं, ‘एकदा वाचून काढा.’ ‘मग ही वाचून काढली होतीस?’

नव्हती काढली. राईट करण्याच्या खिडकीत एक छोटा चौकोन असतो. त्यावर खूण केली की लिहून झाल्यावर मशीन सगळी डिस्क स्वतः वाचतं आणि मूळ फाईलशी ताडून बघतं. वेळ जवळपास दुप्पट लागतो. मे महिन्यात तो वेळ कुणाकडे होता? त्या दिवसापर्यंत मी तो चौकोन कायम रिकामा ठेवत आलो होतो.

आता पहिला मुद्दा. डिस्क राईट होते म्हणजे नेमकं काय होतं?

इंग्रजीत याला डिस्क जाळणं म्हणतात. आपण ‘मारणं’ म्हणतो. राईट मार, कॉपी मार, एक डीव्हीडी मारून दे. आणि ज्या यंत्रातून ती मारायची त्याचं नाव रायटर. मी वर्षानुवर्षं बारामतीत रायटर विकले. साहित्यिकांनी गैरसमज करून घेऊ नये. (हशा) काही घरांत या कामाला ‘नीरो करणं’ म्हणायचे, कारण जर्मनीत बनलेलं नीरो नावाचं सॉफ्टवेअर तेव्हा बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर असायचं. रोम जळत असताना वाद्य वाजवत बसला म्हणतात, त्या बादशहावरून ते नाव. चिन्हात पेटलेलं कोलोसियम. गंमत अशी की ती इमारत बांधायला घेतली तीच नीरो मेल्यानंतर! आमच्या गिऱ्हाइकांना या रोमशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या तोंडात आपली नीरा नदी बसलेली. ते सरळ म्हणायचे, ‘नीरात टाकून डीव्हीडी काढून द्या.’

तर डीव्हीडी ही १२ सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची चकती. पण ती एक नाही. अर्ध्या-अर्ध्या जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि मधल्या सांध्यात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. रायटरमधला लाल लेसर त्या रंगाला ठिकठिकाणी चटके देतो. चटका बसलेली जागा आणि कोरी जागा, या दोन्हींवरून प्रकाश वेगळा परततो. तेवढ्या फरकावर तुमचं लग्न उभं असतं. हे चटके गोल गोल फिरत आतून बाहेर जाणाऱ्या एका वाटेवर ओळीने बसतात. या वाटेचे शेजारचे दोन वळसे एकमेकांपासून ०.७४ मायक्रॉनवर. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ही सगळी वाट उलगडून सरळ केली तर भरते जवळपास १२ किलोमीटर. बारामतीच्या एसटी स्टँडवरून सुरुवात केलीत तर काटेवाडीच्या आसपास पोचाल. एका हातात मावणाऱ्या चकतीवर!

ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजायची. ही आतून बाहेर जाते. हे लक्षात ठेवा, कारण सरांच्या भाषणाचं काय झालं ते इथे दडलं आहे. लग्नाची हळद डिस्कच्या आतल्या भागात, अक्षता मध्ये आणि पाठवणी कडेला. आपण डिस्क धरतो कुठे? कडेला. बोटांचे ठसे कुठे? कडेला. चकती जराशी वाकडी असेल तर ती सगळ्यात जास्त डोलते कुठे? कडेला. दोन चकत्यांचा सांधा आधी सुटायला लागतो तोही तिथेच. आणि १६ एक्स वेगाने राईट मारली तर ती मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे घेते आणि त्या वेगाची खरी परीक्षा बाहेरच्या वळशांवर होते. म्हणून गावोगावच्या बायका सांगायच्या, ‘आमच्या सीडीत पोरगी सासरी जातच नाही, मांडवातच अडकते.’ सरांचंही तेच झालं. सत्कारमूर्ती शेवटी बोलतो, हा आपला रिवाज.

दुसरा मुद्दा. एरर येतो तो का? इथे जरा रेंगाळणार आहे.

सगळ्यात जास्त दिसणारा एरर होता पॉवर कॅलिब्रेशनचा. पडद्यावर तो शब्द आला की आपला माणूस काय समजायचा? पॉवर म्हणजे लाईट! ते लोडशेडिंगचे दिवस. लाईट कधी येते आणि कधी जाते यावर घराचं वेळापत्रक. मग लोक स्टॅबिलायझर घ्यायचे, रात्री दोनला उठून राईट मारायचे, कारण तेव्हा व्होल्टेज चांगलं. इंदापूरच्या एका अण्णांनी तर बोअरवेलची मोटर बंद करून डीव्हीडी मारली. एरर तोच.

ती पॉवर लाईटची नाहीच, लेसरची आहे. राईट सुरू करण्याआधी रायटर डिस्कच्या अगदी आतल्या कडेला, राखीव जागेत, कमी-जास्त ताकदीचे चटके देऊन बघतो आणि या रंगाला किती ताकद लागेल ते ठरवतो. ऊस तोडायच्या आधी कारखान्याचा स्लिपबॉय फडात येऊन ब्रिक्स बघतो की नाही? रस किती पिकलाय ते पाहिल्याशिवाय तोड देत नाहीत. तसंच हे. एरर येतो म्हणजे रायटर प्रामाणिकपणे सांगतो, ‘मी परीक्षा घेतली, मला या डिस्कचा ब्रिक्स लागत नाही.’ का लागत नाही? डिस्क हलकी असेल. लेन्सवर धूळ असेल. लेसर म्हातारा झाला असेल. किंवा डिस्क नवी आणि रायटर जुना. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर तिच्या खऱ्या कारखान्याचा सांकेतिक क्रमांक असतो आणि कुठल्या क्रमांकाला कसं लिहायचं याची यादी रायटरच्या पोटातल्या फर्मवेअरमध्ये असते. यादीत नाव नसलं की तो चाचपडतो. खोक्यावर नाव एका कंपनीचं आणि आतल्या डिस्का दुसऱ्याच कारखान्याच्या, हे सर्रास होतं. आपण खोकं बघून विकत घ्यायचो, रायटर मात्र कारखाना बघायचा.

मग उपाय काय? आधी वेगळ्या बनावटीची डिस्क लावून बघायची. तीही नाही चालली तर लेन्स. लेन्सचं एक सांगतो. आपल्या भागात दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतो. फडात पाचट पेटतं, चुलवाणं पेटतात, धुराडी बोलायला लागतात. सकाळी अंगण झाडलं की काळी काजळी निघते. वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर ठिपके पडतात. कॉम्प्युटरच्या डब्यात मागचा पंखा दिवसभर हवा ओढत असतो. सदऱ्यावर दिसणारी काजळी रायटरच्या लेन्सवर बसत नसेल का? दुकानात एररच्या तक्रारी डिसेंबर ते मार्चमध्ये वाढायच्या. मी आकडे लिहून ठेवले नाहीत, पण अकरा हंगाम पाहिलेत. लोक ट्रे उघडून तोंडाने फुंकर मारायचे. त्याने धूळ गेली तर गेली, थुंकी मात्र नक्की बसायची. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, काडीला गुंडाळलेला कापूस आणि हलका हात, एवढंच लागतं. लेन्स बारीक तारांवर तोललेली असते. जोर दिलात की एररची कटकटच मिटली, कारण मग रायटरच गेला.

दुसरा मोठा दोष बफरचा. हा शेतकऱ्याला अर्ध्या मिनिटात समजतो. रायटर एकदा लिहायला लागला की त्याला माहितीची धार अखंड लागते. हार्डडिस्ककडून येणारं पाणी मध्येच तुटलं तर? म्हणून रायटरला स्वतःचं छोटं शेततळं दिलेलं असतं, त्याला बफर म्हणतात. बहुतेक रायटरमध्ये ते २ एमबीचं. १६ एक्स वेगाला सेकंदाला साधारण २२ एमबी लागतात. म्हणजे तळं रिकामं व्हायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. जुन्या सीडी रायटरमध्ये तळं आटलं की डिस्क फुकट. २००० साली सान्यो कंपनीने युक्ती काढली: पाणी तुटलं की लेसर उचलायचा, पाणी आलं की जिथे सोडलं तिथून पुन्हा लिहायचं. कालव्याचं आवर्तन परत आलं की आपण जिथे दारं मोडलं होतं तिथूनच भरणं सुरू करतो ना? पुढे डीव्हीडी रायटरमध्ये ही सोय आलीच. पण प्रत्येक जोडावर बारीकसा सांधा राहतो. एका डिस्कवर दोन-चार सांधे असले तर चालतात. शेकडो झाले की जुना प्लेअर अडखळतो.

आणि पाणी तुटतं का? तर इथे एक गुपित आहे. ते कळायला मला दीड वर्ष लागलं. सणसरहून एक पोरगा कॅबिनेट मोटरसायकलवर मांडीत धरून आणायचा. तक्रार अशी की आधी दहा मिनिटांत होणारी डीव्हीडी आता पाऊण तास घेते आणि शेवटी एरर. मी रायटर बदलला, डिस्क बदलली, विंडोज नवीन टाकलं. दुकानात सगळं ठीक. महिन्याने पुन्हा तोच पोरगा, तीच मांडी. कारण असं निघालं: विंडोज एक्सपीला रायटरशी बोलताना सहा वेळा चूक झाली की ते आपण होऊन वेग खाली आणतं आणि उतरत उतरत पीआयओ नावाच्या गोगलगाय पद्धतीवर जाऊन बसतं. चुका का व्हायच्या? मोटरसायकलवरच्या धक्क्यांनी चपटी केबल सैल झालेली. शिवाय केबल जुनी, ४० तारांची. जलद रायटरला ८० तारांची लागते. दोन्हींचं टोक दिसायला सारखंच. इलाज एकच: केबल बदला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते चॅनल काढून टाका आणि मशीन पुन्हा सुरू करा. विंडोज मागचं विसरतं आणि पहिल्यासारखं वेगात बोलायला लागतं. पोराकडून मी त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. आधी तीनदा घेतले होते.

ज्यांच्याकडे आजही यूएसबीचा बाहेरचा रायटर आहे, त्यांच्या बाबतीत हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. तो रायटर वीजही त्याच तारेतून घेतो. यूएसबीच्या एका जुन्या छिद्रातून ५०० मिलिअँपिअर एवढीच वीज मिळायची आणि लिहिताना लेसर नि मोटर मिळून त्याहून जास्त मागतात. म्हणून पुढच्या पॅनलला किंवा हबला लावू नका. डेस्कटॉपच्या मागच्या छिद्रात लावा. इथे मात्र पॉवर म्हणजे खरंच लाईट! अण्णा इथे बसलेत का बघतोय. (हशा)

बाकीचे दोष उडते सांगतो.

‘डिस्कवर ४.७ जीबी लिहिलंय, माझी फाईल ४.५ची आहे, तरी जागा नाही म्हणते!’ असं भांडण आठवड्याला एक. इथल्या सराफांना विचारा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचा १० ग्रॅमचा. नाव एक, वजन दोन. डिस्क बनवणारा जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. विंडोजचा जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. त्यामुळे डब्यावरचे ४.७ जीबी तुमच्या पडद्यावर ४.३७ होतात. फसवणूक कुणाचीच नाही, तोळा वेगळा.

प्लस आणि मायनस या दोन घराण्यांचं भांडणही असंच. मायनस डीव्हीडी १९९७ची, प्लस २००२ची. घरातले जुने प्लेअर मायनसवर जास्त खूष असायचे. आज कुठलाही रायटर दोन्ही मारतो, त्यात वेळ घालवू नये. आणि शेवटी डिस्क ‘फायनल’ करायला विसरू नये. पाकिटात पत्र घालून ते चिकटवायचं राहिलं तर पोस्टमनचा दोष नाही.

वेगाबद्दल मात्र माझं ठाम मत आहे आणि ते काही जुन्या दुकानदारांना पटणार नाही. हळू राईट मारली की चांगली, हे अर्धंच खरं. १६ एक्सची म्हणून बनवलेली डिस्क ८ एक्सवर मारा. आठ-नऊ मिनिटं लागतात, कडेच्या वळशांवर चटके नीट बसतात. पण तीच डिस्क २ एक्सवर रांगवलीत तर काही वेळा निकाल आणखी बिघडतो, कारण तिचा रंग जलद चटक्यासाठी बनवलेला असतो. मंद आचेवर भाकरी फुगते का?

इथे एका भारतीय कारखान्याची आठवण काढतो. मोझर बेअर. १९८३ साली दिल्लीत सुरू झालेली ही कंपनी नोएडा परिसरातल्या कारखान्यांतून कोऱ्या डिस्का बनवायची आणि एका काळात या धंद्यातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक होती. पुढे तिने सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढल्या, तेव्हा चोरून कॉप्या मारणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. आमच्याही दुकानातला एक धंदा त्यात गेला. तो कुठला ते या सभेत सांगत नाही. मग पेनड्राइव्ह आले, मोबाइलवर नेट आलं आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीत निघून अवसायनात गेली. जगाला डिस्का पुरवणारा कारखाना मिटला, पण त्याच्या डिस्का तुमच्या कपाटात आहेत.

आता तिसरा मुद्दा आणि त्यासाठीच मी आलो आहे. जी राईट झाली, एरर न देता झाली, प्लेअरवर नीट लागली, ती सुखरूप आहे का?

डीव्हीडीत एक सोय असते. रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेलं गणित त्यामागे आहे. मूळ माहितीबरोबर थोडी जादा माहिती अशा हिशेबाने लिहिलेली असते की मधले काही तुकडे वाचता आले नाहीत तरी बाकीच्यांवरून ते जुळवता येतात. वारकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दिंडीत पन्नास टाळकरी असतात. चौघांचा ठेका चुकला तरी अभंग पुढे जातो, कारण बाकीचे सांभाळून घेतात. चूक झाली हे बाहेर उभ्या असलेल्याला कळतही नाही.

आणि घात इथेच आहे. कळतही नाही! डिस्क पहिल्या दिवशीच निम्मी आजारी असते, गणित तिला सावरून घेतं आणि आपण म्हणतो, छान लागली. मग वर्षं जातात. रंग उडत जातो, उन्हाने जास्तच. सांध्यात दमट हवा शिरते. चुकणारे टाळकरी वाढत जातात. आणि एक दिवस गणिताची ताकद संपते. त्या दिवशी चित्र थोडं अंधूक होत नाही, एकदम थांबतं. जुना फोटो पिवळा पडतो आणि पिवळा पडलेला दिसतो. डीव्हीडी शेवटच्या दिवसापर्यंत तुम्हांला काही सांगत नाही.

मोरोपंत याच बारामतीत राहिले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. छापखाना अजून या भागापर्यंत पोचायचा होता. जे लिहिलं ते टिकलं कशाने? कुणीतरी नक्कल केली म्हणून. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलणारा लिहून ठेवायचा की जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. आणि पुढे विनवायचा, हिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा. मला तो लेखनिक फार जवळचा वाटतो, कारण तोही माझ्यासारखाच कॉपी मारणारा. फरक एवढाच की त्याने डोळ्यांनी वाचून अक्षर उतरवलं, मी रिकामा चौकोन तसाच सोडून डिस्क पाकिटात घातली.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचं कितीतरी आयुष्य त्या वर्षांत डिस्कांवर गेलं आहे. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्या धावतात ते रिंगण, बेलवाडीचं गोल रिंगण, सराटीचं नीरास्नान. उजनी धरणाचं पाणी खाली गेल्यावर उघडं पडलेलं पळसदेवचं देऊळ. भिगवणचे रोहित पक्षी. शाळांची स्नेहसंमेलनं, यात्रेतली कुस्ती आणि आता हयात नसलेल्या आज्यांच्या ओव्या. यातलं बरंच दुसरीकडे कुठेच नाही. टेपा पुसल्या गेल्या, फाईली उडवल्या. उडवणाऱ्यांत मीही होतो. आज इंदापूर भागात डाळिंबाच्या बागांतून फिरलात तर पाखरं हाकलायला दोरीला बांधलेल्या चकत्या उन्हात चमकताना दिसतील. कुणाच्या असतील त्या?

मग करायचं काय? डिस्क बाहेर काढा. मऊ सुती कापडाने पुसा, पण गोल गोल नाही. मधून कडेकडे, सरळ रेषेत. आडव्या ओरखड्याला गणित सावरतं, वाटेच्या दिशेने गेलेल्या ओरखड्याला नाही. टूथपेस्ट लावू नका, कुणीही सांगितलं तरी. कागदी स्टिकर असेल तर ओढून काढू नका. डीव्हीडीचा थर मध्ये असतो, पण सीडीचा थर नावाच्या बाजूला लगेच खाली असतो. स्टिकरबरोबर गाणीच निघून येतात. मग डिस्क कॉम्प्युटरला लावून पूर्ण प्रतिमा उतरवून घ्या, म्हणजे तिची आयएसओ फाईल. वाचताना अडकली तर हार मानू नका, दुसरा रायटर शोधा. एका रायटरला न दिसलेला चटका दुसऱ्याला दिसतो. डीडीरेस्क्यू नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. कुठले तुकडे मिळाले आणि कुठले राहिले याची ते वही ठेवतं. तुम्ही डिस्क दुसऱ्या रायटरमध्ये घातली की राहिलेल्या तुकड्यांवरच पुन्हा प्रयत्न करतं.

सरांची ती डिस्क सरांनी फेकली नव्हती. त्यांच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे दिली, त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी चार रायटर लावले. पहिल्या तिघांनी कडेचा भाग दिसत नाही म्हणून सांगितलं. चौथा, एका लॅपटॉपमधून काढलेला, अगदी हळू फिरणारा, रात्रभर घरघरत राहिला. सकाळी सगळं भाषण उतरलं होतं. नवव्या मिनिटाला चार सेकंद नाहीत, बाकी पूर्ण. म्हणजे डिस्क बोगस नव्हतीच. मी घाईने, जास्त वेगाने, काजळी धरलेल्या लेन्सने लिहिली होती आणि लिहिलेलं वाचून पाहिलं नव्हतं. हे सरांना सांगायला मला अठरा वर्षं उशीर झाला.

ती फाईल आता तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणची मी वाचून पाहिली आहे.

निमंत्रणपत्रिकेत लिहिलं होतं की घरातली एक जुनी डिस्क घेऊन या. बऱ्याच जणांच्या पिशव्या फुगलेल्या दिसतायत, म्हणजे एकीवर भागलेलं नाही. बाहेर व्हरांड्यात टेबलावर माझा जुना कॉम्प्युटर आणि चार रायटर मांडले आहेत. रिकामा पेनड्राइव्ह आणला असेल तर उत्तम, नसेल तर नाव लिहून द्या, फाईल ठेवून घेतो. पाण्याचे ग्लास टेबलापासून लांब ठेवा, डिस्क सपाट बाजूला बोट न लावता, नुसत्या धारेवर धरा आणि रांगेत या. एका डिस्कला कमीत कमी वीस मिनिटं लागतात. वाचून पाहायची आहे, घाई करता येणार नाही.